बेबीमामींची दोरी

शेलूबाजारच्या हायवेवर जीपवाल्यांचे जे थांबे आहेत, त्यातला एक थांबा चड्ड्यांचा आहे. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. मालेगावकडून येणारी जीप बाजाराच्या अलीकडे आली की ड्रायव्हर मान मागे वळवून विचारतो, "चड्ड्यापाशी कोणी हाय का?" आणि एखादे टोपीवाले आजोबा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "हाव, मले चड्ड्यापाशीच उतरव." मग पिशवी सांभाळत उतरतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात. कोणी हसत नाही. कुठल्या थांब्याला वडाचं नाव असतं, कुठल्या थांब्याला शाळेचं. आमच्या कोपऱ्याला बेबीमामींच्या दोरीचं पडलं, एवढंच.

ही दोरी निळी, नायलॉनची. मामींच्या ओट्याच्या खांबापासून रस्त्याकडेच्या लोखंडी खांबापर्यंत ताणलेली. मामींची लुगडी, चादरी, टॉवेल मागच्या अंगणात वाळतात. पुढची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी मानाची जागा फक्त चड्ड्यांना. लाल, जांभळ्या, फुलाफुलांच्या, लेसवाल्या, आणि काही इतक्या ऐसपैस की जोराचा वारा आला की त्यांच्यात हवा भरते. प्रत्येकीला दोन बाजूंनी चिमटे. कधीकाळी दोरीवर कडुलिंबाच्या एका फांदीची सावली पडायची, तर मामींनी माणूस बोलावून ती फांदी तोडून घेतली. एका चड्डीपायी झाड तोडणारी बाई, असं तेव्हा गावात लोक म्हणाले. ते चूक होतं. फांदीच तोडली होती, आणि चड्ड्या पुष्कळ होत्या.

मामींचं वय सत्तरीच्या पुढे आणि नाव बेबी. लहानपणी लाडानं ठेवलेलं नाव बदलायचं राहून गेलं. बुटक्या, काटक, सावळ्या. अंगावर नेहमी नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट आवळलेला, दातांना मिसरी. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रमेश अकोल्याला असतो, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात. मामी एकट्या राहतात आणि सगळ्या गावाच्या मामी आहेत. कोणाची तरी खरी मामी असाव्यात, पण तो भाचा मी कधी पाहिला नाही.

दिवसभर त्यांचा एकच उद्योग. ऊन सरकलं की दोरीवरचे कपडे सरकवायचे. तासाभरानं ते उलटे करायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका खाटांवर पापड घालतात आणि वाकून वाकून ते पलटतात. मामी चड्ड्या तशाच पलटतात, तितक्याच मायेनं आणि कावळ्यांना तितक्याच शिव्या देत. पावसाळ्यात ऊन नसलं की ओट्यावर इस्त्री घेऊन बसतात आणि एकेक चड्डी दोन्ही बाजूंनी कडक करतात. एकदा शेजारच्या एका तरुणानं लग्नाला जायच्या घाईत आपला शर्ट पुढे केला. मामी म्हणाल्या, "या इस्त्रीले लाज नाही बापा, तुह्या शर्टाले अशीन. पाह्य बाप्पा, चालत असंन तं आण." तो तसाच चुरगळलेल्या शर्टानं लग्नाला गेला.

गावातल्या बायकांना त्या "बरी हायेस का?" असं विचारत नाहीत. त्या विचारतात, "ऊन दाखवलं का?" विचारतात म्हणजे रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला, मध्ये ट्रक जात असेल तर ट्रकच्या वरून. ज्या बाईला विचारलं ती पदर तोंडाला लावते आणि पायांचा वेग वाढवते. मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा मला वाटलं हे इथलं नमस्काराचं काहीतरी असेल. मीही एकदोघींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

या दोरीचा सगळ्यात जास्त राग कोणाला असेल तर माझ्या सासूबाईंना. आमचं घर मामींच्या अगदी शेजारी. आमच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा म्हणजे समोर ती दोरी. सासूबाई पाठ करून बसायच्या आणि तरीही बोलायच्या. "म्हातारपणी बुद्धी फिरली. चार माणसात बसाची सोय नाही. सूनबाई, तू तिकडं पाहू नको." मी पाहत नसे. सासरेबुवा मात्र पेपरच्या वरून पाहत, असा मला संशय आहे. सासूबाई त्या वर्षी चहाही बिनसाखरेचा घेत होत्या. देवाला गोड सोडलंय, नवस आहे, असं म्हणायच्या. कसला नवस ते सांगत नसत. सांगितलं की फळत नाही, म्हणे.

आता माझं सांगते. मी किन्हीराजाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोज जीपनं जाणंयेणं. आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मला खाज सुरू झाली. कुठे, ते माझ्या जागी मामी असत्या तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. मी इतकंच सांगते की ती अशा जागी होती जिथे शिक्षिकेला वर्गात हात नेता येत नाही. माझं फळ्यावरचं लेखन त्या काळात फार वाढलं. मुलांकडे पाठ करून मी एक पाय दुसऱ्या पायावर घासत सबंध कविता लिहून काढायची. मुलं बिचारी उतरवून घ्यायची. मुख्याध्यापकांनी सभेत माझं कौतुक केलं की मॅडम एकदाही खुर्चीत बसत नाहीत.

यावर मी उपाय केले नाहीत असं नाही. औषधाच्या दुकानात गेले, तिथे ओळखीचा माणूस. म्हटलं, नवऱ्याच्या मानेला नायटा झालाय. त्यानं ट्यूब दिली. ती लावली की आठवडाभर गार वाटायचं आणि मग दुप्पट आग. पुन्हा ट्यूब. दुकानदार एकदा संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजारात भेटला आणि त्याची कॉलर बाजूला करून मान पाहू लागला. घरी येऊन संदीपनं मला विचारलं की हा असं काय करतो. मी म्हटलं, प्रेमळ माणूस आहे. मग मी मोबाइलवर वाचून दही लावलं, आईनं फोनवर सांगितलं म्हणून हळद लावली, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तुरटीच्या पाण्यानं धुतलं. सगळ्यानं दोन दिवस बरं वाटायचं. पुन्हा तेच. सहा महिने झाले, वर्ष व्हायला आलं. मी रडकुंडीला आले होते. संदीप जवळ आला की मी काहीतरी काम काढून उठायची आणि त्याला वाटू लागलं होतं की माझं त्याच्यावर मन नाही. हे मला त्याला सांगता येत नव्हतं. एवढ्याशा खाजेपायी माझा संसार मोडतोय की काय, अशी मला खरंच भीती वाटत होती.

आणि माझ्या चड्ड्या? त्या आमच्या घरच्या पद्धतीनं वाळत होत्या. न्हाणीत एक दोरी होती, खिडकी नसलेल्या भिंतीला. सगळ्यात खाली चड्डी, तिच्यावर परकर, परकरावर जुनी साडी. म्हणजे चुकून एखादा पुरुष न्हाणीत आला तर त्याला फक्त साडी दिसावी. मला हे सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. माझ्या माहेरीही हेच होतं, फक्त साडीऐवजी टॉवेल. कपडा वाळायचा नाही, आंबायचा. सकाळी शाळेची घाई, मी तसाच दमट चढवून जीपमध्ये बसायची, सात जणांच्या बाकावर अकरावी.

मामींनी मला पकडलं ते चालण्यावरून. एका संध्याकाळी मी चड्ड्यांच्या थांब्यावर उतरले. जीप अजून हलली नव्हती, आत माणसं भरलेली. मामी ओट्यावरून म्हणाल्या, "काय वं मास्तरीण, तुले खाज हाय का?"

मी न ऐकल्यासारखं केलं. जीपमधल्यांनी मात्र ऐकलं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, असं मला आजही वाटतं.

"मी कवापासून पाहून राह्यलो. उतरली का पाय फाकवून चालते. रातच्याला झोप येते का?"

"मामी, हळू बोला ना," मी त्यांच्याजवळ धावत गेले.

"काहून? चोरी केली का तू? लाज बाजूले ठेव अन् लक्षण सांग."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मी लक्षणं सांगितली. कुजबुजत, त्यांच्या कानाला लागून. ट्यूबचं सांगितलं, तुरटीचं सांगितलं, दही आणि हळदीचं सांगितलं. मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोडणी नाही देल्ली का? दही झालं, हळद झाली. कढी करून राह्यली का तू तिची?"

मी रडता रडता हसले. वर्षभरात पहिल्यांदा या गोष्टीवर हसले.

"ट्यूबीनं खाज मरत नाही, झोपते," मामी म्हणाल्या. "झोप झाली का मंग जोमानं उठते. उद्या रयवार हाय. कारंज्याले चाल."

"तुम्हीच काही औषध द्या ना."

"मी डाक्टर हाय का? मी डाक्टरपर्यंत नेणारी जीप हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कारंज्याला गेलो. घरी सांगितलं, मामींना मंदिरात जायचंय, सोबत हवी. सासूबाईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, पण जा म्हणाल्या. एसटीत मामी खिडकीशी बसल्या आणि वाटेतल्या गावांची मला माहिती देऊ लागल्या. ती माहिती वेगळीच होती. या गावात एक आहे, तिचा दोन वर्षांचा त्रास गेला. त्या वाडीतली एक ऊसतोडीला जायची, फडावर न्हाणी नाही, पाणी नाही, तिचे फार हाल झाले. नाव मात्र एकीचंही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाव कायले पाह्यजे? खाजीले नाव नसते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मामींना पाहून मान हलवली, जशी रोजच्या दूधवाल्याला हलवतात. त्यांनी मला तपासलं, काडीवर नमुना घेतला, रक्तातली साखर पाहिली. म्हणाल्या, "बुरशी आहे. लोणच्याला येते ना, तिचीच चुलत बहीण. दमट, गरम जागा मिळाली की वाढते. आतून साबण, तुरटी, दही, काहीही लावायचं नाही. ट्यूब बंद." आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, पोटात घ्यायची दिली. पुन्हा पुन्हा येतेय म्हणून पुढे काही महिने आठवड्याला एक घ्यायला सांगितली. "आणि बरं वाटलं तरी मध्ये सोडायची नाही. मिस्टरांना खाज असेल तर त्यांनाही पाठवा."

साखर बरोबर होती. ते ऐकून मामींनी छातीवर हात ठेवला. "घडीघडी येते तं साखर पाह्याच लागते," त्या मला म्हणाल्या. "एकीची अशीच निंगाली. खाजीपायी समजलं, नाही तं पाय काळा पडल्यावर समजलं असतं. आता बिनसाखरेचा चा पेते."

मला तेव्हाही काही कळलं नाही. मी शिक्षिका आहे, पण मला गोष्टी जरा उशिराच कळतात.

परतीच्या एसटीत मामींनी खरा मुद्दा काढला. "गोळ्या घेशीन अन् मंग तेच वल्लं घालशीन, तं डाक्टरीन काय करीन? लोणच्याले आपुन ऊन दाखवतो. पापडाले दाखवतो. गादीले दाखवतो. लेकराले न्हाऊ घातलं का कोवळ्या उन्हात धरतो. मंग तिनंच काय पाप केलं?"

"आमच्याकडे बाहेर वाळत घालणं शक्य नाही, मामी. सासूबाई घरात घेणार नाहीत."

"माह्या दोरीवर टाक."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतीन? म्हणतीन म्हातारीच्या हायेत. म्हणू दे. माह्यं काय लग्न जमवाचं हाय का?"

तेव्हापासून माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत रोज सकाळी एक जास्तीचा डबा जाऊ लागला. जीप येण्याआधी मी मामींच्या ओट्यावर तो ठेवायची आणि संध्याकाळी कोरड्या, उन्हानं कुरकुरीत झालेल्या चड्ड्या घेऊन घरी जायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, "दोन दोन डबे नेतेस?" मी म्हटलं, शाळेत भूक लागते. त्या दिवसापासून त्या मला पोळी जास्त देऊ लागल्या.

औषध लागू पडलं. फळ्याकडे पाठ करून मी मुलांकडे पाहू लागले. खुर्चीतही बसू लागले, त्यामुळे मुख्याध्यापक जरा नाराज झाले. संदीपला एक दिवस सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वेडे, मले वाटलं तुले मी आवडत नाही. अन् तो मानेचा नायटा?" नंतर तो इतका हसला की सासरेबुवा पेपर घेऊन आत आले.

मग हिवाळ्यातल्या एका रविवारी मी मामींच्या ओट्यावर बसले होते. दोरीकडे सहज लक्ष गेलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक ऐसपैस चड्डी वाऱ्यावर फुगली होती, घरी शिवलेली, नाडीची. ते पट्टे मी कुठेतरी पाहिले होते. मग कुठे पाहिले होते ते आठवलं. तो सासरेबुवांचा जुना पायजमा होता. त्याच्या उरलेल्या तुकड्याचं फडकं आमच्या स्वयंपाकघरात गॅसपाशी असायचं.

मग मला एकदम सगळंच दिसू लागलं. कारंज्याला "कापड आणायला" जाणाऱ्या आणि कापड न आणता येणाऱ्या सासूबाई. बिनसाखरेचा नवस. रोज सकाळी मामींकडे जाणारी दह्याची बरणी, जी जाताना जड आणि येताना हलकी असायची. म्हणजे एकाच घरात, एकाच न्हाणीत आम्ही दोघी एकीपासून दुसरी लपवत होतो, आणि दोघींच्या चड्ड्या रस्त्यावर शेजारी शेजारी, एकाच चिमट्यात वाळत होत्या. आता मी दोरीकडे नीट पाहिलं. मापं तरी किती. एवढी वेगवेगळी मापं एका बाईची कशी असतील, हा प्रश्न हायवेवरून जाणाऱ्या एकाही पुरुषाला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

मी काही विचारणार, इतक्यात जीप थांबली आणि रमेशभाऊ उतरले. मामींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, अकोल्याला ऑपरेशन ठरलं होतं, ते न्यायला आले होते. पण ते आले तेच तापलेले. ओट्यावर चढायच्याही आधी म्हणाले, "माय, जीपवाल्यानं मले काय विचारलं, माहीत हाय? चड्ड्यापाशी उतरता का. माह्या बापाचं घर हाय हे. त्याले काही नाव उरलं नाही का?"

मामी शेंगा सोलत होत्या. सोलत राहिल्या.

"लोक हासून राह्यले माय. दुकानात येऊन मले विचारतात, तुही माय बरी हाय ना म्हणून. एका बाईले इतक्या लागतात का? काढ ही दोरी. नाही तं मी तोडतो."

एका वाक्यात त्या सुटल्या असत्या. माझ्या नाहीत बाबा, म्हणायचं होतं फक्त. समोर मी बसले होते, दोरीवर माझी जांभळी होती. पलीकडे आमच्या ओट्यावर सासूबाईंनी पेरू खायचं थांबवलं होतं. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण ती पाठ ऐकत होती.

मामी म्हणाल्या, "माह्याच हायेत. मले लागतात."

"इतक्या?"

"हौस असते एकेकाची. तुह्या बापानं कधी केली नाही, मी आता करून राह्यलो. तोडाची असंन तं तोड दोरी. मी दुसरी आणतो."

रमेशभाऊंनी हात टेकले आणि पाणी मागितलं. त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटलं की आईची बुद्धी फिरली. जन्मभर आईला लुगड्यात पाहिलेला मुलगा, त्याच्याही लक्षात आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं होतं? ते आत हातपाय धुवायला गेले तेव्हा मी मामींना हळूच विचारलं, "मामी, यातली तुमची कोणती?"

मामींनी शेंगेचं टरफल माझ्या अंगावर टाकलं. "माही कोणती अशीन वं? कासोट्यात घालाले जागा असते का? जन्मात घातली नाही."

आणि त्या चड्ड्या पलटायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी मामी अकोल्याला गेल्या. जाताना दोरी गुंडाळून आत ठेवली. डॉक्टरनं महिनाभर धुळीत आणि उन्हात जायचं नाही असं बजावलंय, हे सांगताना त्यांचं तोंड अगदी कडू झालं. जीपवाल्यांची पंचाईत झाली. "चड्ड्यापाशी" म्हटलेली माणसं पार बाजारात जाऊन उतरू लागली.

आमच्या घरात दोन दिवस मोठा पेच होता. दोघींनाही तो सांगता येत नव्हता. न्हाणीतल्या त्या जुन्या साडीखाली कपडा घालायला माझा हात होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तर अंगणात खटखट ऐकू आली. बाहेर जाऊन पाहिलं. सासूबाई स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होत्या. अगदी पुढे, पूर्वेकडे, जिथे उगवल्याबरोबर ऊन येतं. दोरी बांधली, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची टाकली, चिमटा लावला आणि माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. "आण तुह्याबी. डब्यात हायेत ना?"

म्हणजे डब्याचं त्यांना केव्हापासून माहीत होतं, ते देव जाणे. आम्ही दोघींनी मिळून सगळ्या वाळत घातल्या. सासरेबुवा पेपर घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. "हे काय वं?"

"मामीच्या हायेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "वाळवाले ठिवून गेल्या."

सासरेबुवांनी आपल्या पायजम्याचे पट्टे ओळखले की नाही, मला माहीत नाही. ते पेपर तोंडासमोर धरून बसले, एवढं खरं.

त्या आठवड्यात गल्लीत एकेक दोरी वर येऊ लागली. समोरच्यांकडे आली, मागच्या आळीत आली, पिठाच्या गिरणीवाल्यांच्या गच्चीवर आली. आणि कोणत्याही पुरुषानं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर. मामीच्या हायेत. मामी अकोल्याला डोळ्यांवर पट्टी बांधून झोपल्या होत्या आणि इकडे त्यांच्या चड्ड्या गावभर पसरत होत्या. पारावरच्या पुरुषांत बराच खल झाला म्हणतात. बाईनं एवढा साठा केला कधी, यावर एकमत झालं नाही.

महिन्यानं मामी परत आल्या. काळा चष्मा लावून जीपमधून उतरल्या, तर समोर ही सगळी गल्ली. घराघरासमोर रंगीत ओळी. मामी रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवून पाहिलं. नवे डोळे होते, सगळं स्वच्छ दिसत असणार. "शाब्बास," इतकंच म्हणाल्या आणि कुलूप काढून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली निळी दोरी बांधली. नेहमीसारखी, ताणून. आणि ओट्यावर बसल्या.

कोणी आलं नाही. येणार कशाला? प्रत्येकीच्या दारात आता ऊन होतं. दह्याची बरणी गेली नाही, मेथीच्या जुडीखाली लपवलेली पिशवी गेली नाही, लोणच्याच्या निमित्तानं कोणी थांबलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी कपडे द्यायला आणि संध्याकाळी घ्यायला येणाऱ्या बायका त्या ओट्यावर थोडा वेळ टेकायच्या. चहा व्हायचा. सुनेचं, सासूचं, नवऱ्याचं बोलणं व्हायचं. मामींच्या घरात तेवढीच माणसं यायची. मामी काळ्या चष्म्यातून रिकाम्या दोरीकडे पाहत बसल्या होत्या. चिमटे ओळीनं लावून ठेवले होते, काही न पकडलेले. वारा आला की ते नुसते हलायचे. संध्याकाळी शाळेतून आले तरी त्या तशाच बसलेल्या. मला फार वाईट वाटलं. ते मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. पण सकाळी मी अंगणात गेले तेव्हा आमच्या दोरीवर काहीच नव्हतं, आणि त्या गॅसपाशी दह्याची बरणी पुसत होत्या.

मी माझा डबा उचलला आणि पुढे झाले. सासूबाई बरणी घेऊन मागून येत होत्या. मामींनी चष्मा नाकावर खाली ओढून आम्हा दोघींकडे पाहिलं.

"काहून वं? तुमाले तं दोरी हाय घरची."

"आमच्या अंगणात ऊन येत नाही, मामी," मी म्हटलं.

मामींनी मान वळवून आमच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे कोवळं ऊन भिंतीपासून फाटकापर्यंत पसरलं होतं. त्यात भिंतीतला तो खिळाही चमकत होता. मामींनी ते सगळं नीट पाहून घेतलं, चष्मा परत वर चढवला आणि डब्याला हात घातला.

"हाव," त्या म्हणाल्या, "दिसून राह्यलं मले. आणा इकडं. अन् चा ठेवतो, बसा."